शिवाथेरियमचे खूर

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक सिंग कापलं. बायकोनं शिवणीच्या लाकडाची फळी पायाखाली दाबून धरली, मी करवत चालवली. सिंग वीतभराचं, पण पंजासारखं पसरट. भुसा तिच्या लुगड्यावर पडत होता अन् ती हसत होती. “हे शेवटचं न? झाले चार!”

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. तिची तेवढीही नाही. पण हे जनावर घरात आणलं तिनंच.

ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. त्या पावसाळ्यात वर्गात एक तक्ता लागला, जुन्या काळच्या जनावरांचा. घरी आली ती धापा टाकत, हाताला डाळ तशीच.

“अजी, चार सिंगांचं जनावर पाहून आली मी! अंग बैलावानी, तोंड जिराफावानी. आपल्या छपराच्या कवेलूले डोकं लागंल येवढं उंच! गुरुजी म्हणत होते शिवाथेरियम. हिमालयाच्या पायथ्याशी चरत होतं म्हणे. आता कुठंच नाही.”

“मंग मी काय करू?”

“बनवा. तान्ह्या पोळ्याले.”

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत चौकात आणतात. ते बैल मीच करतो, अर्जुनी मोरगावच्या बाजारातही विकतो. मी म्हणालो, “तो बैलाचा सण हाय, बाई.”

“शंकराच्या नावाचं जनावर हाय. नंदीच्या रांगेत काऊन नाही चालत? अन् मी शाळेतल्या पोराईले सांगून बसली.”

झालं! सांगून बसली म्हणजे माझ्या गळ्यात आलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः शाळेत गेलो. खोटं कायले बोलू, तो तक्ता पाहून मी येडाच झालो. डोळ्यांवर दोन बारकी सिंगं, मागं दोन रुंद, फाटे फुटलेली. मान अशी जाड की वाकस चालवायला हात शिवशिवले. जेवणही विसरलो. त्या दिवसापासून गिऱ्हाईकांचे बैल बाजूला पडले. कंबरेएवढं जनावर घडवायला घेतलं. शेजारी कुंपणावरून विचारायचा, “काय हो, गधा बनवून राहिले का हत्ती?” बायको आतून ओरडायची, “तुमचा फोटो पाहून बनवून राहिले!”

भांडण एकच झालं, खुराचं. तक्त्यावर त्याचे पाय गवतात झाकलेले. मी घोड्यासारखे जुळलेले खूर केले. ती म्हणाली, फाटलेले पाहिजेत.

“येवढं वजन फाटक्या खुरावर कसं पेलंल?” मी म्हणालो.

“धानाच्या बांधीत चिखलणीले बैल उतरते, तवा खूर फाकते म्हणून पाय निघते. घोडा उतरवून पाहा, तिथंच रुतून राहील. अन् हे जनावर नदीकाठी चरत होतं.”

“तू पाहाले गेली होती का?”

“तुमी गेले होते का?”

शेवटचं सिंग कापतानाही तेच चाललं होतं. मी उठलो, अंग झटकलं अन् म्हणालो, “उद्या पाहू.”

उद्या पोळा होता. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं छातीवर हात ठेवला अन् आडवी झाली. डॉक्टरला आणायला माणूस निघाला तोवर संपलंही होतं. दुपारी तिला घेऊन गेलो.

सरण पेटल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिले. मग हळूच म्हणाले, “आत्ता बोलू नये. पण बाईंनी मला खुरांचं विचारलं होतं. मी पुस्तकात पाहिलं. जिराफाच्या कुळातलं आहे ते. खूर दुभंगलेलेच असतात.”

“म्हटलं होतं न तिनं!” मी ओरडलो. त्या सरणासमोर, सगळ्या गावासमोर. “म्हटलं होतं का नाही?” लोकांना वाटलं, बुढा गेला कामातून. मेहुण्यानं दंड धरला. मला मात्र तिलाच सांगायचं होतं, की बाई, तू जिंकली. अन् सांगायला समोर धूर.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. झुंजरूकाच, उजाडायच्या आधी उठलो, जनावर अंगणात ओढलं, उलटं पाडलं. माझी पोरगी रात्रीच सासरहून आली होती. ती धावत आली. “बाबा, सुतक हाय. हत्याराले हात नोका लावू.”

“तुझ्या मायनं सांगितलेलं काम हाय. पाय धर.”

ती रडत होती, पण तिनं पाय धरला. आईसारखाच, पक्का. मी पटाशी लावली अन् पहिला खूर मधोमध फाडला. मग दुसरा, तिसरा, चौथा. कानस मारली. उभं केलं तर काय दिसलं सांगू! कालपर्यंत ते खेळणं होतं. आता असं वाटलं, की हे चिखलातून चालत येऊन आत्ताच अंगणात थांबलं.

सुतकाच्या घरचं कोणी चौकात जात नाही. म्हणून मी चाकं ठोकली, गळ्यात दोरी बांधली, ते फाटकाबाहेर रस्त्यावर उभं केलं अन् दोरीचं टोक पोरं येतात त्या शाळेच्या बाजूला टाकलं.