फाट्यावर न उतरणारी मुलगी

एक बेल दिली, गाडी थांबली, दार उघडलं, आणि पोरगी उतरेना.

"ए बाळ, तुझा स्टॉप आला. ऊठ."

डोळे मिटलेले, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "झोपलंय गं लेकरू. शाळेत दमलं आसंल." पुढून आमचे ड्रायव्हर धुमाळ म्हणाले, "बाई, डबल बेल द्या, न्हाईतर हितंच चूल मांडू."

एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी दोन दिल्या. त्या आठवड्यात ही पोरगी तिसऱ्यांदा पुढे गेली होती.

मी एसटीत कंडक्टर होते. दोन मुलं झाल्यावर घरीच अभ्यास करून बाहेरून दहावी दिली, बिल्ला मिळवला आणि खाकी साडी नेसून पंचवीसेक वर्षं भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर बेल मारली. आता रिटायर आहे. ही गोष्ट नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली. नसरापूरहून वेल्ह्याच्या बाजूला जाणारी संध्याकाळची फेरी तेव्हा माझ्याकडे होती. फाट्याचं नाव सांगणार नाही. पोरीचंही नाव बदलते, प्रणाली म्हणू. सहावीत होती.

मुलींना शाळेचा पास फुकट असतो, पण तो कुठून कुठपर्यंत ते त्यावर लिहिलेलं असतं. प्रणालीचा पास फाट्यापर्यंत. पुढे गेली की ती विनातिकीट, आणि तेवढ्यात लाईन चेकिंगवाले चढले तर रिपोर्ट माझ्यावर. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मला काळजी वाटली ती माझ्या नोकरीची. खोटं कशाला बोलू?

ती शेवटच्या गावापर्यंत यायची, आमच्याबरोबर वीस मिनिटं थांबायची आणि परतीच्या फेरीत फाट्यावर उतरायची. तोवर सात वाजत. त्याच सुमाराला तिची आई हायवेच्या कंपनीतून सुटून कंपनीच्या गाडीने तिथे यायची. मला वाटायचं, योगायोग.

पुढच्या सोमवारी फाट्यावर एक माणूस पायरीवर चढला. चाळिशीचा, स्वच्छ कपडे, बोलायला गोड. "मावशी, मी तिचा काका. हिचा बाप पुण्याला गाडीवर असतो, आई कामाला. पोरगी गाडीत झोपती. तेवढी हितं उतरवत जावा, मी घ्यायला येत जाईन."

आमच्याकडे ही रीतच आहे. एसटीने डबा जातो, औषधाची पिशवी जाते, लेकरंही जातात. 'हिला किकवीला उतरवा, मामा उभा असंल' म्हणून आया पोरीला माझ्या हवाली करायच्या आणि मी मामाच्या हवाली करायची. मला त्याचा अभिमान होता. एकही लेकरू मी चुकीच्या स्टॉपवर उतरवलं नाही.

सोमवारी मी प्रणालीला हलवून उठवलं, हाताला धरून खाली उतरवलं आणि काकाच्या गाडीवर बसवलं. मंगळवारी तेच. मंगळवारी त्याने मला हरभऱ्याचे ढाळे दिले, चांगली मोठी पेंढी. मी घरी नेऊन भाजले आणि नातवंडांबरोबर खाल्ले.

बुधवारी फाट्यावर काका नव्हता. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी होती, बाकी कोणी नाही. मी प्रणालीला उठवायला वळले, तर ती माझ्या आधी दारात उभी. जागी, टवटवीत. टुणकन उडी मारून गेली.

मी धुमाळांना म्हटलं, "आज झोप न्हाई आली हिला."

"आज काका न्हाई आला, परगावी गेलाय म्हनं," ते म्हणाले आणि गिअर टाकला. ते सहज बोलून गेले. माझ्या हातातलं तिकिटाचं मशीन मात्र तसंच राहिलं.

गुरुवारी मी तिच्याकडे नाही, तिच्या नजरेकडे बघत उभी राहिले. वळण आलं, समोरच्या काचेतून फाटा दिसला. मोटरसायकल, तिच्यावर काका. दारापर्यंत आलेली प्रणाली मागे फिरली, सीटवर बसली आणि डोळे मिटले. बघा, झोपलेल्या लेकराचे डोळे सैल मिटलेले असतात. हिने असे मिटले होते जसं कोणी आता थोबाडीत मारणार आहे.

काका दाराशी आला. "आली का आमची राणी?"

"झोपलीय. परत येताना उतरवते."

"अवो, उठवा की. म्या कवाचा उभा हाय."

"येताना," मी म्हटलं आणि डबल बेल दिली.

शेवटच्या गावात चहाच्या टपरीवर तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. माझी स्वतःची लेक असती तर मी शंभर प्रश्न विचारून तिचं तोंड बंद केलं असतं. तेव्हा कसं कोण जाणे, सुचलं. एवढंच म्हटलं, "तुला तिथं उतरायचं नसलं तर नको उतरू. मी बळजबरी करनार न्हाई. सोमवारी केली, ते माझं चुकलं."

तिने बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"उद्या बी?"

"उद्या बी."

"आन सोमवारी?"

इथे मी अडकले. आमच्या ड्युट्या फिरत्या. सोमवारपासून या फेरीवर दुसरा कंडक्टर येणार होता. चांगला, नियमाने वागणारा माणूस. तो तिला उठवून, हाताला धरून, काकाच्या हवाली करणार. मी केलं तसंच.

त्या संध्याकाळी परतीला तिची आई फाट्यावर दिसली, तेव्हाच तिला उतरू दिलं. शुक्रवारी सकाळी मी डेपोत मॅनेजर साहेबांपुढे उभी राहिले.

"साहेब, हीच फेरी मला अजून महिनाभर द्या."

"त्या रस्त्यावरची ड्युटी बदलून मागायला लोक येतात. मागून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी पाहिलेलं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "बाई, पुरावा काय? उद्या तो माणूस म्हणेल, बदनामी केली."

"पुरावा न्हाई. पोरगी एका माणसाला बघून डोळे मिटती, एवढंच हाय."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. मी तिथेच अर्ज लिहिला. त्यांनी वाचला आणि सही केली. पुढचं कळेपर्यंत ती फेरी माझी.

संध्याकाळी काका फाट्यावर होताच. प्रणाली सीटवरून हलली नाही, मीही तिला हलवलं नाही. शेवटच्या गावात गाडी रिकामी झाली तेव्हा म्हटलं, "सोमवारी मीच हाय." ती खिडकीकडे तोंड करून बोलली. काका घरात दार लावून घेतो. काय करतो ते तिने दोन वाक्यांत सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. आईला सांगितलंस तर तिचं कंपनीतलं काम बंद पाडीन, अशी धमकी. अकरा वर्षांची पोर आईची नोकरी वाचवत होती.

मी दोनच गोष्टी बोलले. "माझा विश्वास हाय. आन यात तुझं काय चुकलं न्हाई."

परतीला फाट्यावर आलो. काका घरी गेला होता. आई नुकतीच कंपनीच्या गाडीतून उतरत होती, हातात डबा. मी धुमाळांना म्हटलं, "दहा मिनिटं लागतील." ते प्रवाशांना म्हणाले, "टायर बघतो जरा," आणि पाना घेऊन खाली उतरले. सहाही टायर ठोकले, मग परत पहिल्यापासून सुरुवात केली.

आईला मी बाजूला घेतलं. ती आधी तडकली. "माझा चुलत दीर हाय त्यो. आमच्या घरात राहतो, आमचं अन्न खातो. तुमी कोन सांगनार?"

"मी तिला दोन दिवस त्याच्या हातात देनारी. म्हनूनच सांगती."

ती गाडीत चढली आणि पोरीजवळ बसली. काय बोलल्या ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने खिडकीतून आईचा आवाज आला, अगदी हळू. "मीच सांगितलं व्हतं त्याला, पोरीला स्टॉपवरनं आनत जा म्हनून."

"तुमी विश्वासानं सांगितलं, मी विश्वासानं दिली. आता पुढचं बोला. आज घरी जायचंय का?"

"न्हाई." डबा तिने अजून हातातच धरला होता. "बहिणीकडं जाते, किकवीला."

मी डबल बेल दिली.

नसरापुरात उतरल्याबरोबर मी तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंना फोन लावला. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी कळल्या, त्या तुम्हीही ऐकून ठेवा. अशा गोष्टीचा नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवायचं, असा कायदाच आहे. खात्री करणं आपलं काम नाही, ते त्यांचं. म्हणजे मी गुरुवारीच कळवायला हवं होतं. आणि लेकराला पुन्हापुन्हा तेच सांगायला लावायचं नाही. जबाब घ्यायला बाई अधिकारी येते, वर्दी न घालता, लेकरू असेल तिथे. रात्रीच आम्ही पोलिसांना कळवलं. शनिवारी तशाच एक मॅडम किकवीला मावशीच्या घरी आल्या, पंजाबी ड्रेसमध्ये. प्रणालीला वाटलं, विम्याची बाई आलीय. त्याच दिवशी काकाला घेऊन गेले.

पुढचं सोपं नव्हतं. सासरकडचे म्हणाले, घराची अब्रू एसटीतून गावभर नेली. फाट्यावर एक-दोघांनी मलाही ऐकवलं, "बाई, तिकीट फाडा, घरं फोडू नका." मी म्हटलं, पास दाखवा. त्यातल्या एकाचा पास मागच्या महिन्यात संपला होता.

गाडी दहा मिनिटं लेट का, याचा खुलासा द्यावा लागला. मी लिहिलं, 'लहान मुलीला सुरक्षित ठिकाणी पोचवण्यासाठी थांबलो.' साहेबांनी वाचून फाईलला लावला. पुढच्या मीटिंगमध्ये, नाव न घेता, सगळ्या कंडक्टरांना सांगितलं की पासवालं पोर वारंवार पुढे जात असेल तर आधी ऑफिसात कळवा, मग नियम सांगा.

केस चालू आहे, तारखा पडतात. काका जामिनावर बाहेर आला, पण पोरीच्या जवळपास फिरकायची त्याला बंदी आहे. बाप पुण्याची गाडी सोडून इकडेच टेम्पो चालवतो. आईने सकाळची शिफ्ट मागून घेतली, आता पोरीच्या आधी घरी असते. प्रणाली नववीत आहे. गणित कच्चं आहे, बाकी ठीक. कधीमधी फोन करते आणि माझंच डोकं खाते.

मला विचारतात, तुम्हाला कळलं कसं? मला काही कळलं नव्हतं. आधी दोन दिवस मी चूकच केली. लेकरू सांगितल्या जागी उतरत नसेल तर त्याच्यावर ओरडण्याआधी तिथे कोण उभं आहे ते बघायचं. त्याला शिक्षण लागत नाही, मान वळवावी लागते.