रात्रपाळीचा आठवडा

आकुर्डीला आमची एकच खोली होती, पत्र्याची. हे कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला, आणि पाळी दर आठवड्याला बदलायची. रात्रपाळीचा आठवडा आला की हे सकाळी येत, चहा पिऊन आडवे होत, आणि मी खिडकीला चादर लावत असे. मग दिवसभर आवाज बंद. कुकरची शिट्टी नाही. पंपाचा स्टोव्ह फरफरतो, म्हणून वातीचा. भांडी बाहेरच्या नळावर, तीही एकेक करून. ह्यांना तरी काय बोलणार? ह्यांच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाची डुलकी लागून बोटं प्रेसखाली गेली होती. ते ऐकल्यापासून ह्यांची झोप मी जिवापाड जपत होते.

थोरली मुलगी चार वर्षांची, धाकटा अंगावर पिणारा. तो झाल्यापासून माझी मी राहिले नव्हते. सकाळी उठायचं म्हटलं की छातीवर धान्याचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. तांदूळ निवडायला घ्यावेत आणि सुपाकडे नुसतं बघत बसावं. बाळ रडलं की आधी भीती वाटायची, मग राग यायचा, मग मलाच रडू फुटायचं, तेही तोंडात पदर कोंबून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, आणि लाल टॉनिक लिहून दिलं. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. मला दोन्ही पटलं नाही, पण दोन्ही निमूट करून घेतलं. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

थोरलीला मी कुजबुजायला शिकवलं होतं. पोर इतकी शहाणी, की पडून गुडघा फुटला तरी ओठ दाबून यायची आणि माझ्या कानात सांगायची, "आई, लागलं." आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, "पोरगी म्हणजे गरीब गाय हो!" मलाही ते कौतुकच वाटायचं.

बाळाला बघायला सासूबाई साताऱ्याकडच्या गावाहून आल्या. त्या असेपर्यंत तरी नीट वागायचं, असं मी ठरवलं, आणि एक-दोन दिवस निभावलंही. मग एका दुपारी माझ्यासमोर दूध उतू गेलं आणि मी बघत राहिले. हात उचलेचना. सासूबाईंनी येऊन स्टोव्ह विझवला, ओटा पुसला. त्या आठवड्यात ह्यांची दिवसपाळी होती, घरात झोपलेलं कुणी नव्हतं. तेवढ्यात थोरली आली आणि आजीच्या कानाशी लागून म्हणाली, "भूक लागली."

"घरात कोण निजलंय गं? मोठ्यानं बोल की," सासूबाई म्हणाल्या.

पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कुजबुजत तेच सांगितलं.

संध्याकाळी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "थोरलीला मी न्हेते गावाकडं. सूनबाईला बरं वाटलं की आणून सोडीन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणायचं होतं. पण "मग सांभाळशील का?" असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? पोर जाऊ नये असं आतून तुटत होतं, आणि एका पोराचं तरी कमी होईल असंही वाटत होतं. सासूबाईंचा राग येईना, हीच पंचाईत. राग आला असता तर निदान भांडले असते. मी तिचे फ्रॉक घड्या घालून पिशवीत भरले.

सुट्टीच्या दिवशी हे दोघींना पुण्याला एसटीत बसवून द्यायला निघाले. मी बाळाला कडेवर घेऊन हमरस्त्यापर्यंत गेले. बस येईपर्यंत थोरली माझ्या निऱ्या धरून उभी होती. मग तिनं मला खाली वाकवलं.

"आई, आजीकडे दिवसा कोण झोपतं?"

"कुणी नाही."

"मग तिथं मी मोठ्यानं बोलू?"

मी मान डोलावली.

बस आली, तिघं चढले. बस हलली तशी खिडकीतून तिनं हाक मारली, "आई!" अगदी घसा फाडून. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. कडेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. आणि भर रस्त्यात, ट्रकांच्या घरघराटात, मी सवयीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.