कडेचं पंक्चर

पंक्चरच्या दुकानात माझ्याआधी एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या गाडीच्या पुढच्या टायरमध्ये अगदी कडेला खिळा घुसला होता.

"साहेब, कड सारखी दबते, तिथे पॅच टिकायचा नाही. टायर बदला," दुकानदार म्हणाला.

"अहो, लावा हो पॅच, चालतंय. फार तर हा टायर मागे टाका. पुढे मी बसतो."

आणि मागे कोण बसणार होतं? तिथेच स्टुलावर टेकलेली त्यांची म्हातारी आई.

या 'चालतंय'वाल्यांची मला किळस येते. गॅलरीचा कठडा हलतोय, चालतंय. मीटरची वायर उघडी आहे, चालतंय. जिथे हात खिशात घालायचा, तिथे हे लोक हात जोडतात आणि त्याला श्रद्धा म्हणतात.

पॅच लागला, टायर मागे गेला, आई मागे बसली. गृहस्थांनी डिकीतून लिंबू काढून नेमकं त्याच चाकाखाली भक्तिभावाने ठेवलं. गाडी हलली, लिंबू चिरडलं. झालं, पुढची जबाबदारी देवाची!

आईने काच खाली करून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"गाडीला फार जपतो हो आमचा मुलगा."