मल्लूअण्णाचा हात आणि अक्काचा जायरो

दर रविवारी एकाच रानात जमत गेलं, की किस्से आपोआप साठतात. आम्ही चौघं बसवकल्याणचे. मंठाळच्या शिवारात रिमोटची हेलिकॉप्टरं उडवतो. घरचे म्हणतात, "या वयात खेळणी?" म्हणू द्या! त्यांनी आमच्या सुनंदाअक्काला जायरो लावताना बघितलंच न्हाई.

जायरो म्हंजे हेलिकॉप्टरातली छोटी डबी. वाऱ्यानं शेपूट वळलं किंवा हेलिकॉप्टर कललं, की ही त्याला जागेवर आणते. अक्का हायस्कुलात गणित शिकवते, आणि या कामात तिचा हात धरणारं बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत कुणी न्हाई, असं आपलं माझं मत.

*

आमच्यातल्या खाजाभाईचं सायकलचं दुकान. नवा जायरो त्यानं स्वतःच बसवला, पण दिशा उलटी ठेवली. म्हंजे शेपूट डावीकडं गेलं, की डबी त्याला अजून डावीकडं ढकलणार! हेलिकॉप्टर उठलं ते भिंगरीसारखं गरगरायलाच लागलं.

"खाजाभाई, काय करायलाव?" अक्का ओरडली.

"मैं कुछ नै कररा अक्का, वोइच कररा!"

तेव्हापासून उडवायच्या आधी हेलिकॉप्टर हातात धरून फिरवून बघायचं, हा नियम. खाजाभाई आता दुरुस्त झालेली सायकल देतानासुद्धा हँडल दोन्हीकडं फिरवून बघतो.

*

बॅटरी जोडली, की जायरो तयार होईपर्यंत हेलिकॉप्टर अजिबात हलायला नको. अक्का म्हणते, "हलू नका!" खरं तर हे हेलिकॉप्टरासाठी; पण आम्हीच सगळे माना खाली घालून गप उभे राहतो.

एकदा शेजारच्या रानातले अप्पा बैल घेऊन चालले होते. आम्हाला बघून त्यांनी बैल थांबवले, टोपी काढली, मान खाली घातली. जायरोचा दिवा लागला, आम्ही हललो. अप्पांनी हळूच विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?"

*

आम्हा तिघांना उडवायला शिकवलं ते मल्लूअण्णानं. रिटायर बस ड्रायव्हर, आमचा गुरूच! गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरायला लागले. बोट थरथरलं की रिमोटची काडी हलते, काडी हलली की हेलिकॉप्टर डुलतं. दोनदा आपटलं. शेवटी रिमोट अक्काच्या हातात देत म्हणाला, "ठेव तुझ्याकडं. हेलिकॉप्टराला जायरो हाय, माझ्या हाताला कुठून आणू?"

माझ्या तर डोळ्यात पाणीच आलं.

अक्का म्हणाली, "अण्णा, तुमचा जायरोच बिघडलाय. हाताला कामून नावं ठेवताव?" आणि हेलिकॉप्टर घरी घेऊन गेली.

पुढच्या रविवारी आणलं. मला आणि खाजाभाईला बाजूला घेऊन म्हणाली, "काडी जराशी हलली तर जायरोनं दखलच घ्यायची न्हाई, असं केलंय. मुद्दाम हलवली तरच ऐकंल. अण्णाला यातलं काही बोलू नका."

"हलू नका!"

आम्ही थांबलो. अण्णाच्या हातातला रिमोट तेवढा थरथरत होता. मग हेलिकॉप्टर उठलं आणि डोळ्यांच्या उंचीवर थांबलं, खुंटीला टांगल्यासारखं! शाब्बास गं अक्का, म्हणून ओरडावंसं वाटलं, गप बसलो.

अण्णाची नजर हेलिकॉप्टरावरच. "सुनंदा, जायरोच बिघडला होता की गं! माझा हात कुठं थरथरायलाय?"

आम्ही तिघांनी त्याच्या हाताकडं बघितलं.

"न्हाई अण्णा," तिघंही एकदम म्हणालो.