मोटरचोर पकडणाऱ्या बाईचा आवाज

पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला तो दिग्दर्शक आमच्या उंद्रीच्या चौकात उभा राहून म्हणाला होता, "आम्हाला खरं गाव दाखवायचंय, खरी माणसं." एका दमात दोनदा 'खरं' म्हणणाऱ्या माणसाशी जपून वागावं, हे मला आता कळतं.

मारधाडीची छोटीशी शॉर्ट फिल्म होती. विहिरीवरची मोटर चोरणाऱ्यांना एक शेतकरी बाई एकटी पकडते, एवढीच गोष्ट. कॉलेजात मी कबड्डी खेळायचे, डावा कोपरा सांभाळायचे, म्हणून ती बाई मी. चोर झाली ती आमच्याच गावातली पोरं. सिनेमात आमच्याकडची बाई म्हणजे एकतर रडणारी, नाहीतर पाण्याचा तांब्या आणून देणारी. ही हाणणारी होती आणि वर चार शब्द सुनावणारीही. मला त्या भूमिकेचा लोभ सुटला, कशाला लपवू?

पहिल्याच सकाळी त्यांनी नऊवारी आणि नथ पुढे केली. माझं डोकंच फिरलं.

"दादा, वावरात नथ घालून कोन जाते? आमी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो. कापूस वेचाले, मिरच्या तोडाले, साऱ्याले तोच."

"ताई, पडद्यावर ते बरं दिसत नाही."

"मंग खरं गाव कशाले म्हनता?"

बराच वाद झाला. शेवटी शर्ट मंजूर झाला आणि मला वाटलं, जिंकले. त्याच जोरात मी बांधावरून उडी मारणाऱ्या चोराचा घोटा असा धरला की पोरगं ढेकळांत तोंडावर आपटलं. "आता कुठी पळतं बे? ठेव मोटर खाली!" हे माझं वाक्य. कॅमेरावाल्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

फिल्म तयार झाल्यावर आधी गावाला दाखवायची ठरली. समाजमंदिराच्या खिडक्यांना गोधड्या लावून भरदुपारी अंधार केला. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूमुळे पडद्यावरचं काही दिसणार नव्हतं. तरी शेजारपाजारी त्या सांगत फिरल्या होत्या की सून सिनेमात बोलणार आहे. सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसल्या.

चोर बोलले ते आमच्या बोलीत. हशा पिकला. मग शर्ट घातलेली मी पडद्यावर आले, तोंड उघडलं आणि त्यातून दुसरीच कुणीतरी इस्त्री केलेल्या मराठीत म्हणाली, "आता कुठे पळशील? मोटर खाली ठेव."

माझे कान तापले. फिल्म चालू असतानाच मी मागे जाऊन दिग्दर्शकाला गाठलं.

"माहा आवाज कुठी गेला?"

"ताई, रागावू नका. हिरॉइन तशी बोलली तर लोक हसतात. डबिंग करून घेतलं."

"अन् चोर?"

"त्यांना शोभते हो ती बोली. मजा येते."

अगदी गोड हसून म्हणाला तो. आपण काही वावगं केलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. माझा शर्ट ठेवला, चेहरा ठेवला, घोट्याची पकड ठेवली आणि मलाच काढून टाकलं. त्याला फाडफाड बोलायचं होतं, पण जे तोंडात येत होतं ते सगळं त्याच्या लेखी मजेचंच होतं. मी दात आवळून परत फिरले. याची चीड मला अजून येते.

टाळ्या पडल्या, दिवे लागले. मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. त्या अजून पडद्याकडेच तोंड करून होत्या.

"काऊन वं, उजेड केला?"

"सरला सिनेमा, आत्याबाई."

"सरला?" त्यांनी माझा हात चाचपला. "आपली पोरं तं मी आवाजावरून वळखली. तू काऊन नाई आली वं?"