मोकळं तोंड

आमच्या अमरावतीच्या कॉलनीतल्या बागेत सकाळी योगवर्ग भरतो. निवृत्तीनंतर मी तिथे जाऊ लागलो आणि तिसऱ्याच दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या, की उद्यापासून यायचं नाही असं ठरवून टाकलं.

माझ्या शेजारी खताचं रिकामं पोतं अंथरून एक बाई बसायची. नांदगाव पेठेकडच्या आपल्या मळ्यातली भाजी ती फाटकाशी विकायची आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वर्गाला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पायाचे अंगठे ती सहज धरायची. माझे हात पोटरीपाशीच थांबायचे.

त्या दिवशी माझ्याकडे बघून ती म्हणाली, "भाऊ, दुखून तर मांडी राह्यली, मंग तोंड काहून वाकडं करता? त्याले मोकळं सोडा."

मी सोडलं. मांडी दुखतच राहिली, पण आता एकटीच दुखत होती.

शवासनात मात्र तिचाच चेहरा आवळलेला दिसला.

"आता तुमचं काय दुखतं, ताई?" मी हळूच विचारलं.

"काई नाई जी. दिवसाउजेडी असं रिकामं पडाची सवय नाई."

वर्ग सुटल्यावर पाहिलं, तर पोत्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या काटेरी गोखरूचे लहान ढीग होते. पडल्या पडल्या तिने हात पुरेल तेवढं निंदून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन त्याच स्वच्छ जागेवर सतरंजी टाकली. ती आली, हसली आणि पोतं घेऊन पलीकडच्या गोखरूत जाऊन बसली.