चनबसप्पांची होडी

१८ फेब्रुवारी २०२४. मृत एक. डोळा गमावलेला एक. तुरुंगात तिघे.

बाळीवेस पेठेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या चनबसप्पा हत्तरकींचा समावेश या तिन्ही आकड्यांत नाही. घटनेच्या वेळी ते मैदानाच्या कडेला उभे होते, एवढीच त्यांच्याविषयीची नोंद आहे.

चनबसप्पांनी आयुष्यात कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता. पण पेठेतल्या नंदी मंडळाचा संघ हरला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. संघ दरवर्षी बाद फेरी गाठी आणि दरवर्षी उपांत्य सामन्यात गारद होई. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्या काढता काढता मामा म्हणत, "पुढच्या वर्षी आपलंच की!" सगळी पेठ त्यांना मामाच म्हणे, आणि त्यांच्या या आशेला हसे. आशा निरुपद्रवी असते असा आपला समज आहे. वर्षानुवर्षे न फळणारी आशा माणसाला नम्र करतेच असे नाही. पुष्कळदा ती त्याला गुन्हेगार शोधायला शिकवते. आपल्या संघाची चूक मामांना कधी दिसली नाही. दिसे तो रेफ्री, आणि दिसे समोरच्याचे कोपर.

घरात कानडी, दुकानात मराठी असा त्यांचा संसार. आपल्या खेळाडूच्या हाती चेंडू आला की ते कानडीत ओरडत, "होडी लेऽ!" कानडीत होडी म्हणजे मार; बास्केट मार, हा त्याचा मैदानावरचा अर्थ. मराठी पोरांना मात्र त्यात पाण्यातली होडी ऐकू येई.

शहरातल्याच सात रस्ता भागाच्या संघातला युवराज त्यांपैकीच एक. मूळचा वेळापूरचा, दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. गावी जाताना आईसाठी चटणी घ्यायला येई आणि सहा फुटी अंग काउंटरवर वाकवून विचारी,

"मामा, होडी कुटं बांदलीया? सिद्धेश्वराच्या तळ्यात व्हय?"

"तुमचा संघ बुडवायला ठेवलीय."

"मग भोक बुजवा आदी. दरसाल तुमालाच घिऊन बुडतीया की!"

मामा हसत आणि मूठभर चटणी वर घालत.

त्या वर्षी मात्र संघात मंजुनाथ होता. हा त्यांच्या बहिणीचा, सावित्रम्माचा मुलगा. मैदानावर त्याला पहिल्यांदा मामांनीच बोट धरून नेले होते. उपांत्यपूर्व सामना त्याने एकहाती जिंकून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी मामांनी दुकानातली वरची फळी बरण्या उतरवून मोकळी केली. "कप इथं बसणार," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाइकेही आता हसेनाशी झाली होती. सगळ्या पेठेने त्या रिकाम्या फळीवर विश्वास टाकला होता.

उपांत्य सामना सात रस्त्याशी पडला. पहिल्या मिनिटापासून चेंडूपेक्षा कोपरेच जास्त चालली. मंजुनाथची भुवई फुटली. युवराजचा ओठ फाटला, आणि त्याने रक्त सिमेंटवर थुंकून खेळ चालू ठेवला. रेफ्रीला शिट्टीचा विसर पडला होता. काठावरची माणसे पाय मोडण्याच्या, कातडे सोलण्याच्या गोष्टी बोलत होती; ती शिकलेली होती, मुलाबाळांची होती, आणि उद्या सकाळी आपापल्या कामावर जाणार होती. मामांचा घसा बसत आला होता.

अखेरीस नंदी मंडळ एका गुणाने मागे आणि चेंडू मंजुनाथच्या हातात.

"होडी लेऽ!"

मंजुनाथने मारला. चेंडू रिंगच्या कडेवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. सामना संपला.

युवराज ओठ पुसत, हसत काठाशी आला.

"मामा, बुडाली की ओ होडी!"

दुकानात या थट्टेवर मूठभर चटणी मिळत असे. मामांच्या डोळ्यांपुढे ती मोकळी फळी उभी राहिली. सगळ्या वर्षांचे हसे एका तोंडात गोळा झालेले त्यांना दिसले, आणि बसलेला घसा फुटला.

"होडी! मंज्या, होडी लेऽ!"

चेंडू तेव्हा खांबाच्या बुडाशी पडला होता. तो कुणाच्याच हातात नव्हता.

मंजुनाथने लोखंडी खुर्ची उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. युवराज पडल्यावर मंजुनाथच्या संघातले आणखी दोघे लाथा घालायला धावले. आदिनाथ नावाचा युवराजचा सोबती मध्ये पडला, आणि खुर्चीचा पाय त्याच्या डोळ्यात गेला. हाड मोडल्याचा आवाज लहान असतो, गर्दीत तो जवळच्यांनाच ऐकू येतो. मामांना तो ऐकू आला. युवराज दवाखान्यात पोचण्यापूर्वीच गेला.

"होडी म्हणजे काय?" फौजदाराने विचारले.

"बास्केट मार, साहेब," पेठ एकमुखाने म्हणाली. "मामा कायम तेच ओरडतात."

मामांनीही जबाबात तेच सांगितले. फौजदाराने लिहून घेतले. त्यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच ते पक्के टिकले. मंजुनाथने मात्र सांगितले, "मामा म्हणाला, म्हणून मारलं." त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मामांनी गाठलेल्या वकिलाने त्यांना बाजूला घेऊन समजावले: जबाबातला अर्थ बदललात तर ती चिथावणी ठरेल. मंजुनाथ सुटणार नाही. पण त्याने सांगितले ते खरे ठरेल, आणि तुम्ही आरोपी म्हणून त्याच्या शेजारी उभे राहाल.

सावित्रम्मा भावाच्या दारात आली ती चप्पल न काढता. "अण्णा, माझ्या लेकराला तू काय सांगितलंस?"

"खेळ म्हणालो."

"खेळ संपला होता, अण्णा."

पुढे कोर्टाच्या एका तारखेला युवराजची आई, सारजाबाई, विचारत विचारत दुकानापाशी आली.

"मामा म्हंत्यात ते तुमीच न्हवं? चटणी हितनंच आणायचा त्यो."

मामांनी मान डोलावली.

"लोकं सांगत्यात, तुमी वरडला व्हता. काय शबुद व्हता त्यो?"

"होडी."

"म्हंजी?"

"मार. म्हणजे... बॉल मार. खेळातलं बोलणं आहे ते, बाई."

सारजाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. "व्हय? मंग तवा बॉल कुणाच्या हातात व्हता?"

मामांनी तराजूचे पारडे पुसायला घेतले. ते स्वच्छ होते. सारजाबाई पायरीवर बसल्या, ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या, आणि एसटीची वेळ झाली तशा उठल्या.

वरच्या फळीवर बरण्या पुन्हा लागल्या आहेत. मंजुनाथ तुरुंगात आहे. चनबसप्पांनी जबाब बदललेला नाही. सारजाबाईंना उत्तर द्यायचे बाकी आहे.